पक्ष्याला मोजता येत नाही

गेनरने तो मोठा फोटो टेबलावर उलगडला तेव्हा एनिडने सवयीने आधी पक्ष्याच्या छातीकडे पाहिलं. चंद्रकोर जागच्या जागी होती. काळ्या छातीवर पांढरी, जराशी कललेली, कारण नर पिल्लांकडे वाकला होता. चोचीत गांडुळांचा गुंता, मागे हेदरच्या झुडपाच्या काड्या, आणि घरट्याच्या काठावर मादी, तिची कोर मळकट, धुऊन धुऊन विटलेल्या कॉलरसारखी. ऊझल पक्ष्याचा नर आणि मादी एकाच वेळी घरट्यावर, असा फोटो तिच्या नवऱ्याच्या, सिरिलच्या, फोटोग्राफी क्लबात दुसऱ्या कुणाला कधी मिळाला नव्हता. अडतीस वर्षं तो एनिडच्या घरी जिन्यापाशी टांगलेला होता. त्यावरून तिने चौदा वेळा चित्र काढलं होतं, एकदा पक्ष्यांच्या पुस्तकासाठी, बाकी कॅलेंडरं, भेटकार्डं आणि असंच. डोळे मिटूनही तिला त्यातलं पीस न् पीस सांगता आलं असतं. तेव्हा नवीन बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. "छान झालाय गं" म्हणून ती चहाचा कप उचलणार, एवढ्यात तिची नजर काठावर गेली.

"प्रदर्शनासाठी या वेळी सगळी प्लेट छापलीय," गेनर म्हणाली. "पूर्वी कडा कापून टाकायचे ना, आता लोकांना सगळंच बघायचं असतं. ओरखडे, बोटांचे ठसे, सगळं." गेनर प्लॅट्स तिशीची होती. शहराच्या संग्रहालयात लागून तिला तीन वर्षं झाली होती, आणि सिरिलने आपल्या काचेच्या प्लेटांची खोकी संग्रहालयाला दिली तेव्हापासून ती एनिडशी लेकीसारखी वागत असे. फोटोभोवती जाड काळा काठ होता आणि त्या काठात, खाली उजव्या कोपऱ्याजवळ, चित्र बाहेर सांडल्यासारखे दोन बारीक त्रिकोण. उंदराने कुरतडावं तसे. "हे काय असतं ते मी शोधून काढलं," गेनर म्हणाली. "प्लेट ज्या लाकडी चौकटीत घालून कॅमेऱ्याला लावायची, तिच्या ओठाला कानशीने खाच पाडून ठेवायचे. म्हणजे धुतल्यावर कळायचं, ही कुठल्या चौकटीतली ते. पण मिसेस अ‍ॅस्क्यू, साहेबांच्या बाकी सगळ्या प्लेटांना एकच खाच आहे. या एकीलाच दोन. असं का हो?" एनिड म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं. ते त्यांचं काम." तिने कप खाली ठेवला. बशीवर झालेला आवाज तिला फार मोठा वाटला.

संग्रहालयाबाहेर ट्राम समोरच उभी होती, पण एनिड चढली नाही. शेफील्डात कुठेही जायचं तर चढ चढावा लागतो, आणि एनिडचं घर तर चढाच्या शेवटी. जुलै होता, दगडी भिंती तापल्या होत्या, जिथे एकेकाळी कारखान्यांची धुराडी होती तिथल्या मोकळ्या जागांत जांभळ्या फुलांची रानटी झुडपं माजली होती. घाईत विल्फची चौकट घेतली असेल, ती मनाशी म्हणाली. दोघांचे कॅमेरे एकाच मापाचे होते. सिरिल पक्षी टिपायच्या लपणात शिरला, आपल्या चौकटी सापडल्या नाहीत, हाताला लागली ती लावली. यात काय आहे? माणूस दुसऱ्याची छत्री नेतो, तसं. मग ती थांबली, एका घराच्या कुंपणाला हात टेकून. विल्फ आपल्या चौकटीला कुणाला हात लावू देत नसे. आणि सिरिलने तर मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरपुढे शपथेवर सांगितलं होतं, मी माझी चौकट लावली, माझा फोटो काढला. शब्द तिला आठवत होते, कारण ती तिथे आईशेजारी बसली होती आणि आईने तिचा हात इतका घट्ट धरला होता की अंगठी रुतत होती.

विल्फ तिचा थोरला भाऊ. विल्फ्रेड स्टॅनिफोर्थ, कानशी घडवणारा कारागीर, पंचविसाव्या वर्षी मेला. त्याच्या हाताला नेहमी तेल आणि लोखंडाचा वास असायचा, आणि रविवारी त्यात फोटो धुण्याच्या औषधाचा वास मिसळायचा. त्या खाचा पाडताना एनिड होती. स्वयंपाकघराचं टेबल, त्यावर लाकडी चौकटी मांडलेल्या, एनिडने एक एक घट्ट धरून ठेवायची आणि विल्फने बारीक तिकोनी कानस दोनदा ओढायची. कानस त्याने स्वतःच घडवलेली. "माझ्या दोन, सिरिल, तुझी एक," तो म्हणाला होता. "उद्या तू फोटोत पक्ष्याचं ढुंगण तेवढं आणलंस तर ते माझ्या नावावर नको." सिरिल हसून म्हणाला होता, "आणि चांगला आला तर?" "तुझा? मग मी टोपी खाईन." आई ओरडली होती, "अरे मेल्यांनो, पावावर भुसा पडतोय!" विल्फने पावाची चकती उचलली, फुंकर मारली, त्यावर मांसाची चरबी फासली आणि खाल्ली. "लाकूड पोटाला चांगलं असतं, आई." ही एवढी दुपार एनिडला लख्ख आठवत होती. पुढची एक दुपार मात्र, कितीही वेळा काढून पाहिली तरी, झिजलेल्या नाण्यासारखी गुळगुळीत निघायची.

ऊझल हा विल्फचा पक्षी. शहराच्या बागेत कस्तूर असतो तसाच, पण डोंगरातला, गळ्यात चंद्रकोर घातलेला. मार्चअखेर दक्षिणेतून यायचा आणि माळावरच्या घळीत, कड्याच्या फटीत घरटं करायचा. "बागेतला कस्तूर म्हणजे पाद्री," विल्फ म्हणायचा, "गुबगुबीत, सगळ्यांच्या अंगणात. हा मात्र आपल्यासारखा. गावाबाहेर राहणार, शिट्टी मारणार तीन सुरांची, आणि कुणी जवळ आलं की दगडाआड." म्हणूनच त्याचा फोटो मिळणं अवघड. आठ दिवस आधी घरट्यापासून लांब गोणपाटाचं लपण उभं करायचं, रोज थोडं पुढे सरकवायचं, पक्ष्याला त्याची सवय होऊ द्यायची. आणि ज्या दिवशी फोटो काढायचा त्या दिवशी दोघांनी जायचं. एकाने लपणात बसायचं आणि दुसऱ्याने उघड उघड, मोठ्याने बोलत, परत निघून जायचं. पक्षी बघतो, माणूस आला, माणूस गेला, आणि निर्धास्त घरट्यावर येतो. "पक्ष्याला मोजता येत नाही गं," विल्फ तिला सांगायचा. "दोन आले आणि एक गेला, हे त्याला कळत नाही." बाहेर काढायचं तेही तसंच. दुसऱ्याने ठरल्या वेळी यायचं, म्हणजे उडालेल्या पक्ष्याला लपणातूनही कुणी निघालं हे कळत नाही आणि पुढच्या वेळी तो घाबरत नाही. एकट्याने लपणातून निघायचं नाही, हा नियम. हॅगर्स घळीत तर त्याला आणखी एक कारण होतं. तिथे लपण कड्याच्या एका अरुंद पायरीवर होतं आणि तासन् तास मांडी घालून बसल्यावर पायांना मुंग्या आलेल्या असायच्या. खाली उतरताना दुसऱ्याचा हात लागायचा.

व्हिटसनचा, ईस्टरनंतरच्या सणाचा, रविवार, एकोणीसशे अठ्ठावन्न. सकाळच्या बसने दोघं वर गेले. सिरिलने दहाला विल्फला लपणात बसवलं आणि परत शहरात आला, कारण विल्फला सहा तास हवे होते आणि सिरिलला एनिड हवी होती. आई चॅपलच्या चहापाण्याला गेली होती, वडील कबुतरांकडे. सिरिल बाराला मागच्या दाराने आला. एनिड कलाशाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने त्याला माळ्यावरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं आणि त्याचं चित्र काढायला घेतलं. चित्र म्हणजे निमित्त, पण तिने ते मनापासून काढलंही. मग तो दीडला निघाला, पावणेदोनची बस पकडली, साडेतीनला घळीत पोचला. विल्फला बाहेर काढलं आणि स्वतः लपणात बसला. विल्फ बाटलीत पाणी भरायला ओढ्याकडे उतरला. सिरिलने फोटो काढला. सहाला तो बाहेर आला तर विल्फ कुठे दिसेना, आणि मग खाली दगडांत दिसला. हे असं झालं. हे तिने पोलिसाला, आईला, विल्फच्या कारखान्यातल्या माणसांना, आणि नंतर वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं होतं. पण सिरिलच्या त्या चित्राकडे एनिड आज, या चढावर, घामाने चिकटलेल्या ब्लाउजात, पहिल्यांदाच चित्रकार म्हणून बघत होती. सिरिलचा कान तिने उजेडात रंगवला होता. ऊन कानातून आरपार गेलेलं, लालसर, पातळ. माळ्याची खिडकी पश्चिमेला होती. तिथे ऊन तीनच्या आधी कधी यायचंच नाही. तिला ते कळलं असं म्हणता येणार नाही. ते तिला नेहमीच माहीत होतं, जसं आपल्याला पाठीवरचा तीळ माहीत असतो, कधी न बघता.

आणि तो फोटो. विल्फला पुरल्यावर नवव्या दिवशी सिरिल घरी आला. टोपी हातात, दाढी वाढलेली. कागदात गुंडाळलेला फोटो त्याने टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "त्या दिवशीचा." एवढंच. आईने फोटोकडे पाहिलंही नाही. एनिडने मात्र तो वर माळ्यावर नेला आणि तीन आठवडे दुसरं काही केलं नाही. तिने कधी ऊझल घरट्यावर बघितला नव्हता, पुढेही बघितला नाही, हॅगर्स घळीत तिने आयुष्यात पाऊल ठेवलं नाही. पण त्या फोटोतला पक्षी म्हणजे विल्फने शेवटचं जे पाहिलं त्याच्या अगदी जवळचं काहीतरी, असं तिला वाटत होतं. चंद्रकोरीसाठी तिने पांढरा रंग वापरला नाही. कागद तसाच कोरा सोडला आणि भोवतीचा काळा थरावर थर देत त्याच्या काठापर्यंत आणला. ते चित्र पुस्तकात छापलं गेलं, खाली बारीक अक्षरात, सिरिल अ‍ॅस्क्यू यांच्या छायाचित्रावरून. क्लबाने सिरिलला पदक दिलं. पुढच्या वसंतात त्यांनी लग्न केलं. लोक म्हणाले, दुःखातून निदान एवढं तरी चांगलं निघालं.

ती घरात शिरली तेव्हा सिरिल स्वयंपाकघरात रेडिओवर क्रिकेट ऐकत वाटाणे सोलत बसला होता. कारखान्यातल्या पोलादाच्या धुळीने त्याची छाती गेली होती. दोन खोल्यांपलीकडूनही त्याचा श्वास किटलीसारखा ऐकू यायचा. "चालत आलीस?" तो म्हणाला. "ट्रामने काय घोडं मारलंय तुझं? तोंड बघ कसं लाल झालंय."

"फोटो बघितला," एनिड म्हणाली.

"कसा दिसतो? माणसाएवढा केलाय म्हणे. शेवटी मोठा माणूस झालो मी."

"कडांसकट छापलाय."

सिरिलचा अंगठा शेंगेत तसाच राहिला. रेडिओवर कुणीतरी बाद झालं, टाळ्यांचा आवाज आला. त्याने शेंग खाली ठेवली, हात विजारीला पुसले आणि रेडिओ बंद केला. मग फक्त त्याचा श्वास.

"दोन खाचा आहेत," ती म्हणाली.

"हो."

"हो काय हो? हो म्हणजे काय?"

"म्हणजे दोन खाचा आहेत. मला माहितीय. नेहमी कडा कापायचे, एनिड. मला वाटलं आताही कापतील."

"मग दिलीस कशाला ती प्लेट? फोडायची होतीस! पुरायची होतीस!"

"तीनदा तळघरात घेऊन उभा राहिलो हातोडी घेऊन. विल्फच्या हातचं शेवटचं काम. नाही फोडवलं." तो तिच्याकडे बघत नव्हता. "बस ना. उभ्या उभ्या नको."

ती बसली नाही. इतकी वर्षं तिने या माणसाचे डबे भरले होते, त्याच्या छातीला तेल चोळलं होतं, क्लबाच्या जेवणात तो त्या दिवसाची गोष्ट सांगायचा तेव्हा मान खाली घालून बसली होती. "चोर आहेस तू," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "माझ्या भावाच्या प्रेतावरून उचललास तू तो. आणि मला आणून दिलास. आणि मी, मी त्याच्यापुढे तीन आठवडे बसून... तू लपणात बसलाच नव्हतास."

"नाही."

"किती वाजता पोचलास?"

"सहाला दहा कमी होती."

"दीडला निघालेला माणूस सहाला पोचतो? कुठे होतास मध्ये? कुठे शेण खायला गेला होतास?"

आता त्याने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "एनिड," तो म्हणाला, "मी दीडला निघालो होतो?"

टेबलावरचा एक वाटाणा घरंगळत काठापर्यंत गेला आणि थांबला. माळ्यावरची खुर्ची. पेन्सिल. आणखी थोडा वेळ, सिरिल, उजेड आत्ताच कुठे चांगला झालाय. विल्फ थांबेल रे. विल्फला पक्षी असला की काळवेळ सुचत नाही. हे कोण म्हणालं होतं, कसल्या हसऱ्या, लाडिक आवाजात?

"तूच सांग," सिरिल म्हणाला.

"पावणेचार," एनिड म्हणाली, आणि खुर्चीवर बसली.

मग त्याने सांगितलं, थांबत थांबत, श्वासासाठी. बस चारची मिळाली. घळीत पोचला तेव्हा लपणाचं गोणपाट उघडं होतं. विल्फ खाली. तो उतरला. "मी त्याला हात लावला. गरम होता."

"जिवंत होता?"

"दगड दिवसभर उन्हात होता. दगडही गरमच होता. मला कळलं नाही, एनिड. आजही कळत नाही." तो धावत खाली हॉटेलपर्यंत गेला, माणसं घेऊन परत आला. पोलीस त्याला चौकीत घेऊन गेले तेव्हा तो सगळं सांगणार होता. उशीर झाला, माझ्यामुळे झाला, असं. पण तोवर दुसरा पोलीस एनिडच्या घरी जाऊन आला होता. "तो मला म्हणाला, मुलगी सांगते तू तिच्याकडून दीडला निघालास. म्हणजे साडेतीनला घळीत असशील. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. मी नाही म्हणालो असतो तर तू खोटी ठरली असतीस. आईसमोर, चॅपलसमोर, सगळ्या गल्लीसमोर. मी हो म्हणालो. मग त्याने विचारलं, साडेतीन ते सहा काय करत होतास? लपणात बसलो होतो, म्हणालो. मग कोरोनर म्हणाले, बसला होतास तर फोटो दाखव. माझ्या प्लेटा कोऱ्या होत्या. विल्फच्या सहा मी धुतल्या. पाच हललेल्या. सहावी ही."

एनिडला आठवणीत नेहमी सिरिलचं आधी होतं आणि तिचं नंतर. सिरिलने सांगितलं, आणि तिने फक्त मान हलवली. आता ते उलटं फिरलं, मोजा फिरवावा तसं, आणि आतली शिवण दिसली. दारात पोलीस, हातात टोपी. आई जिन्याच्या तळाशी, अंगावर अजून चॅपलचा चांगला कोट. तो सिरिल अ‍ॅस्क्यू आज इथे आला होता का, पोरी? कधी गेला? विल्फचं काय झालं हे तेव्हा अजून कुणी बोललंही नव्हतं. आईचे डोळे तिच्या केसांकडे होते, घाईत उलट्या लावलेल्या पिनेकडे. आणि एनिड म्हणाली होती, दीडला. लगेच गेला. त्या 'लगेच'साठी तिने जिभेला किती पटकन वाट करून दिली होती!

"मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली.

"बावीस वर्षांची होतीस. सांगितलं असतं तर तू पुन्हा उभी राहिली नसतीस." त्याने सोललेल्या वाटाण्यांतून बोटं फिरवली. "हे मी स्वतःला सांगत आलो. खरं सांगू? तू मला सोडून गेली असतीस. आणि मला तू हवी होतीस."

"सहावी शेवटची होती?"

"हो. सहाच नेल्या होत्या त्याने."

"म्हणजे ही मिळाली आणि प्लेटा संपल्या. मग तो कशाला बसून राहील?" तिला ते दिसत होतं. विल्फ, अंधाऱ्या गोणपाटात, दोन्ही पक्षी एकदम समोर, बोट दाबलेलं. मिळाला. आणि सांगायला कुणी नाही. वाट बघून कंटाळलेला माणूस सावकाश उतरतो, पाय चोळून, दगड चाचपत. आनंदात असलेला माणूस उठतो आणि चालायलाच लागतो. "तीनलाच निघाला असेल, सिरिल. तू वेळेवर गेला असतास तरीही."

"असेल."

"किंवा पाचला निघाला असेल."

"तेही असेल."

"त्याला कळलं असेल ना, चांगला आलाय म्हणून?"

"दाबताना कळतं," सिरिल म्हणाला. "कळलं असणार." आणि तो रडायला लागला, खोकत, वाकडातिकडा, आणि एनिडला उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला नाही. ती बघत राहिली. तो कान आता जाड झाला होता, केसाळ, आणि त्यातून काही उजेड जात नव्हता.

पुढचे काही दिवस घरात दोघं एकमेकांना वाट देत वावरत होती, अरुंद बोळात वावरावं तशी. तिने स्वयंपाक केला, त्याने भांडी पुसली. जिन्यापाशी येताना ती भिंतीकडे न बघता चढायची. जावं का, हेही तिने मनात घोळवून पाहिलं. लीड्सला तिची चुलतबहीण होती. पण जाऊन तिला सांगणार काय? नवऱ्याने खोटं सांगितलं? ते खोटं पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं, हे विचारणारं तिकडे कुणी नसतं, आणि म्हणूनच तिला तिकडे जाता येईना. इथे निदान विचारणारा एक होता. सोमवारी सकाळी ती पायऱ्या धूत होती तेव्हा आतून सिरिलचा आवाज आला, फोनवर बोलताना तो नेहमी ओरडायचा तसा. "गेनर? अ‍ॅस्क्यू बोलतोय. तो फोटो माझा नाही. नाही, प्लेट तीच. फोटो माझा नाही म्हणतोय मी. नाव घे लिहून. स्टॅनिफोर्थ. विल्फ्रेड. हो, बायकोचा भाऊ. नाही गं बाई, डोकं ठिकाणावर आहे माझं, फक्त छाती बिघडलीय. पुस्तकात छापलंय ते चूक छापलंय. पदकही तूच ठेवून घे, नाहीतर फेकून दे." मग हळू आवाजात, "ती बाहेर आहे. तिला सगळं माहीत आहे." एनिड बादलीतल्या फडक्याकडे बघत राहिली. सगळं माहीत आहे. फडकं पिळताना तिच्या हातांना कळेना, कितपत पिळायचं.

सप्टेंबरात प्रदर्शन उघडलं, शनिवारी दुपारी. सिरिलने लग्नातला नाही तरी त्यानंतरचा चांगला सूट घातला, तो आता त्याला खांद्यांत मोठा होत होता. दालनात माणसं होती, पंधरावीस, हातात फळांच्या रसाचे पेले. भिंतींवर जुन्या चित्रकारांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरून काढलेले ताठ ऊझल, रंगीत छापचित्रं, एनिडचं चित्र, आणि समोरच्या भिंतीवर एकटा तो फोटो, काळ्या काठासकट. खाली पाटी, विल्फ्रेड स्टॅनिफोर्थ, हॅगर्स घळ, २५ मे १९५८. विल्फचं नाव छापलेलं एनिडने याआधी एकदाच बघितलं होतं, मृत्यूच्या बातमीत. ती वाचत राहिली. अक्षरं साधी होती, नीट बसवलेली. तिच्या आत काहीतरी सुटेल असं तिला वाटलं होतं, निदान दुखेल, पण ती नुसती उभी होती, आणि सिरिलचा श्वास तिच्या खांद्यापाशी वाजत होता.

गेनर एका तरुण मुलीला घेऊन आली. मुलगी वर्तमानपत्राची होती, हातात वही. "हेच अ‍ॅस्क्यूसाहेब," गेनर म्हणाली, जरा अवघडून. "यांच्यामुळेच हे नाव आपल्याला कळलं."

"तुम्ही ओळखत होता त्यांना?" मुलीने विचारलं. "फोटो काढला त्या दिवशी तुम्ही तिथे होता का?"

क्लबाच्या जेवणांत हा प्रश्न शंभरदा आला असेल, आणि त्याचं उत्तर सिरिलला पाठ होतं. एनिडला त्याची सुरुवात ओठांवर येताना दिसली, आणि परत जाताना दिसली. "नाही," तो म्हणाला. "चारला त्याला बाहेर काढायला जायचं होतं मला. मी वेळेवर गेलो नाही."

मुलीची पेन्सिल वहीवर थांबली. ती उरलेल्या वाक्याची वाट बघत होती. म्हाताऱ्या माणसांना वेळ लागतो, म्हणून अदबीने. गेनरने सिरिलकडे पाहिलं, मग एनिडकडे.

"मी थांबवून घेतलं होतं याला," एनिड म्हणाली. "माझ्याकडे होता. आणि मग मी पोलिसांना खोटं सांगितलं."

हे तिने हळूच म्हटलं असावं, कारण पलीकडची माणसं आपापसांत बोलतच होती. मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू काही क्षण तसंच राहिलं, मग कुठे जावं हे न कळून गेलं. मागे एक जोडपं येऊन उभं होतं, बाईच्या कडेवर मूल, आणि त्यांना फोटो बघायचा होता. "जरा," बाई म्हणाली. तेव्हा सिरिल आणि एनिड बाजूला झाली.